जुन्या पिकअपचं डिझेल नेमकं जातं कुठे?

टोमॅटोच्या हंगामात नारायणगावच्या बाजारात पिकअप गाड्यांची रांग लागते. क्रेट उतरेपर्यंत गाडीवाल्यांकडे वेळ असतो, आणि गप्पांना एक विषय हमखास असतो: ॲव्हरेज. "तुझी किती देते?" "अकरा." "माझी आता नऊच्या वर जात नाही, आणि पिकअपही राहिला नाही." आपल्याकडे गाडीचं नावही पिकअप आणि तिच्या ओढीलाही पिकअपच म्हणतात. गोंधळ नको म्हणून या लेखात गाडीला पिकअप आणि तिच्या जोराला ओढ म्हणतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हापासून या गप्पांत आणखी एक प्रश्न शिरला आहे. जुनी फुंकून नवी घ्यावी, की जुनीवरच थोडा खर्च करून तिची ओढ आणि ॲव्हरेज वाढवावं? फोन उघडला की चिप, किट, मॅग्नेट, "परफॉर्मन्स फिल्टर" असलं सगळं समोर येतं. प्रत्येकजण वीस-तीस टक्के बचतीची खात्री देतो. माझ्या मामांची दहा वर्षांहून जुनी गाडी याच रांगेत उभी असते आणि तिच्यावर आम्ही बरेच पैसे घातले, काही सत्कारणी लागले, काही पाण्यात गेले. त्या अनुभवातून आणि इंजिनाच्या साध्या विज्ञानातून हे लिहितो आहे.

एका लिटरात असतं काय?

एक लिटर डिझेलमध्ये साधारण दहा युनिट विजेइतकी ऊर्जा असते. घराच्या मीटरवर फिरतं तेच युनिट. छोटं डिझेल इंजिन, ते चांगलं असलं तरी, रोजच्या मिश्र चालवण्यात या दहांपैकी तीन-साडेतीन युनिटच फिरत्या दांड्यावर देतं. बाकीची सहा-सात सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून उष्णता होऊन निघून जातात. हा कुणाचा दोष नाही, उष्णतेवर चालणाऱ्या प्रत्येक यंत्राला ही मर्यादा आहे.

विहिरीवरून पाटाने पाणी सोडता तसं समजा. मोटर पाणी उचलते, पाटातून ते वावराच्या शेवटच्या सरीपर्यंत जायचं असतं. वाटेत उंदरांनी बिळं केली असतील, बांध फुटला असेल, तर शेवटच्या सरीला पाणी पोहोचत नाही. तेव्हा शहाणा शेतकरी आधी फावडं घेऊन पाटाकडे जातो, मोठी मोटर आणायला तालुक्याला जात नाही. जुन्या पिकअपचंही असंच आहे. नवी असताना ती जे देत होती, त्यातलं बरंचसं वाटेत गळायला लागलेलं असतं.

इंजिनातून निघालेली ती तीन युनिटं चार ठिकाणी खर्च होतात: टायर रस्त्यावर दबत फिरतात तिथे, समोरचा वारा ढकलण्यात, चढ चढण्यात, आणि ब्रेक दाबला की ड्रम तापवण्यात. पाचवी मोठी जागा नाही. कुणीही काहीही विकायला आलं की मनात विचारायचं: हे यातल्या कोणत्या ठिकाणचा खर्च कमी करतं, की इंजिनातली गळती कमी करतं? उत्तर देता आलं नाही तर खिशात हात घालायची गरज नाही.

ओढ वाढली तर ॲव्हरेज पडणारच ना?

हा समज फार पक्का आहे आणि अर्धाच खरा आहे. त्याच इंजिनात जास्त डिझेल सोडून ओढ वाढवली, तर ॲव्हरेज पडतं. पण जुन्या गाडीची ओढ सहसा कमी झालेली असते ती डिझेल नीट न जळल्यामुळे किंवा चाकं अडकत असल्यामुळे. ती कारणं दूर केली की ओढ आणि ॲव्हरेज एकदमच परत येतात, कारण दोन्ही त्याच लिटरातून येतात.

धूर बघा, तो खूप सांगतो. काळा धूर म्हणजे डिझेल पुरेशा हवेअभावी अर्धवट जळून काजळी झालं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर राहत असेल तर डिझेल न जळता बाहेर पडतंय किंवा कूलंटचं पाणी आत शिरतंय. काळा धूर सोडणारी गाडी जोर करते असं आपल्याकडे कौतुकाने म्हटलं जातं. ते विकत घेतलेलं डिझेल हवेत उडतंय, एवढाच त्याचा अर्थ आहे.

आधी गाडी पहिल्यासारखी करा

माझ्या मते जुन्या पिकअपचं सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचं अपग्रेड हेच आहे, म्हणून इथे जरा थांबू.

सुरुवात नोझलपासून. फिटर ज्याला नोझल म्हणतात तो इंजेक्टर, म्हणजे डिझेल इंजिनात फवारणारा भाग. फवारणीच्या पंपाची नोझल झिजली की काय होतं ते प्रत्येक द्राक्षवाल्याला माहीत आहे: धुक्यासारखा फवारा पडायच्या ऐवजी थेंब पडतात, औषध जास्त जातं आणि पानाला लागत नाही. इंजिनात तेच होतं. बारीक तुषार क्षणात जळतो, जाड थेंब उशिरा आणि अर्धवट जळतो. गाडी जुन्या पद्धतीच्या पंपाची असेल तर नोझल आणि पंप, इंजिनाचे पंप दुरुस्त करणाऱ्याकडे टेस्ट बेंचवर तपासून घेता येतात. कॉमन रेल गाडी असेल, जिला गॅरेजमध्ये सेन्सरवाली म्हणतात, तर तिच्यात डिझेलचा दाब हजार बारच्याही (बार हे दाबाचं माप) वर जातो. तुमच्या टायरमध्ये चार-पाच बार असतात, त्यावरून कल्पना करा. तिथे कचऱ्याचा एक कण किंवा पाण्याचे चार थेंब नोझलची वाट लावतात. म्हणून डिझेल फिल्टर वेळेवर बदलणं आणि त्यातलं पाणी काढणं याला पर्याय नाही. फिल्टर काही शेकड्यात येतो, नोझलचा संच हजारांत.

मग हवा. एक लिटर डिझेल नीट जळायला दहा हजार लिटरहून जास्त हवा लागते. ती आत घेण्याचं काम एअर फिल्टर आणि टर्बो करतात. टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूवर फिरणारा छोटा पंखा, जो दुसऱ्या बाजूने इंजिनात हवा कोंबतो. ही दाबलेली हवा थंड करून आत सोडणारी जाळी म्हणजे इंटरकूलर. या सगळ्याला जोडणारे रबरी पाइप आठ-दहा वर्षांत चिरतात. मामांच्या गाडीची ओढ एका हंगामात एकदम गेली. एका गॅरेजने टर्बो गेला म्हणून सांगितलं, आकडाही मोठा होता. दुसऱ्या फिटरने इंजिन चालू ठेवून पाइपच्या वळणाखाली हात फिरवला, आणि हवा हाताला लागली. पाइप बदलला, क्लिप घट्ट केली, काळा धूर त्याच दिवशी बंद. तेव्हापासून ओढ कमी झाली की मी आधी पाइप बघायला सांगतो, टर्बोचं नाव नंतर.

डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. हवा इतकी दाबली जाते की ती पाचशे अंशांच्या वर तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल आपोआप पेटतं. सायकलला हवा भरताना पंपाचा बुड गरम होतो ना, त्याचंच हे मोठं रूप. रिंगा झिजल्या, व्हॉल्व्ह नीट बसेनासे झाले, तर दाब पडतो आणि पेटण्यात जोर राहत नाही. कॉम्प्रेशन टेस्ट करून हे तासाभरात कळतं. इंजिनावर बाकी कुठलाही मोठा खर्च करण्याआधी ही टेस्ट करून घ्या. कॉम्प्रेशनच गेलं असेल तर वरून केलेले सगळे उपाय वाया जातात.

आता एक चूक, जी मी कितीतरी गाड्यांत पाहिली आहे. गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकतात. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा छोटा झडपेसारखा भाग. इंजिन ऐंशी-नव्वद अंशांवर चालावं अशी त्याची रचना असते. झडप काढली की हिवाळ्यात पहाटे ओतूरहून निघालेली गाडी माळशेज उतरेपर्यंत धड गरम होत नाही. थंड इंजिनात ऑइल घट्ट राहतं, डिझेल नीट जळत नाही, सिलिंडर लवकर झिजतात. गाडी गरम होण्याचं खरं कारण बहुतेकदा जाम झालेला रेडिएटर किंवा कमजोर वॉटर पंप असतं, ते तसंच राहतं. पंख्याचंही तसंच. गरज पडेल तेव्हाच जोरात फिरणारा पंखा काही जण कायमचा लॉक करून टाकतात. मग तो पंखा दिवसभर इंजिनाकडून फुकटची मजुरी करून घेतो.

सगळ्यात दुर्लक्षित गळती मात्र चाकात असते. ब्रेक नीट सुटत नसतील तर तुम्ही हँडब्रेक अर्धा ओढून गाडी चालवल्यासारखं डिझेल जाळत असता. तपासायला उपकरण लागत नाही. दहा-पंधरा किलोमीटर सपाट रस्त्यावर कमीत कमी ब्रेक मारून चालवा, थांबा, आणि चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या. थेट ड्रमला लावू नका, भाजेल. एक चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागलं की तिथे ब्रेक घासतोय किंवा बेअरिंग जातंय. हवं तर गाडी सपाटीवर न्यूट्रलमध्ये ढकलून बघा. चांगल्या अवस्थेतली रिकामी पिकअप दोन माणसांना सहज हलते.

टायरमधली हवा आणि टायरचा प्रकार

टायर फिरताना सतत दबतो आणि पुन्हा फुगतो, त्यात ऊर्जा खर्च होते. हवा कमी तर दबणं जास्त. अमेरिकेत कारसाठी एक ठोकताळा वापरतात: चारही टायरांत सरासरी एक पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा कमी झाली की इंधन ०.२ टक्के जास्त लागतं. आकडा किरकोळ वाटतो. पण मालाच्या गाडीत बारा पीएसआय कमी असणं अगदी नेहमीचं आहे, कारण डोळ्यांनी ते दिसत नाही. तेवढ्याने अडीच टक्क्यांच्या आसपास डिझेल जादा जातं. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजा. दरवाज्याजवळच्या पट्टीवर किंवा पुस्तकात रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी वेगवेगळे आकडे असतील तर त्यांचा मान ठेवा. नायट्रोजनबद्दल विचारतात, साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. नियमित मोजलेली साधी हवा पुरते.

ज्यांच्या गाडीला अजून नायलॉन टायर आहेत त्यांनी पुढच्या वेळी कंपनीने मान्य केलेल्या मापातच रेडियल घ्यावेत. रेडियल टायरची बाजू लवचीक आणि माथा ताठ असतो, त्यामुळे फिरताना ऊर्जा कमी खर्चते. जुन्या पिकअपवर पैसे घालून करण्यासारख्या बदलांमध्ये मी हा बदल वर धरतो. टायर घ्यायचेच असतात, फरक फक्त निवडीचा आहे.

मोठ्या मापाचे टायर मात्र टाळा. मोठं चाक म्हणजे वरच्या गिअरमध्ये चढ चढल्यासारखं; ओढ कमी होते, क्लच जळतो. शिवाय चाक मोठं झालं की मीटरवर किलोमीटर कमी पडतात आणि ॲव्हरेज आहे त्याहून कमी दिसतं. लहान टायर लावले तर उलट होतं, किलोमीटर जास्त पडतात आणि माणूस खूश होतो.

वारा, वजन, आणि उजवा पाय

वाऱ्याचा नियम सरळ आहे: वेग वाढला की वाऱ्याचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. साठच्या ऐवजी ऐंशीने गेलात तर वेग एक-तृतीयांशाने वाढतो, पण वारा पावणेदोन पटीने जोर लावतो. क्रेट केबिनच्या वर गेलेले आणि ताडपत्री फडफडणारी पिकअप वाऱ्याला भिंतीसारखी असते. दीडशे किलोमीटरच्या सपाट प्रवासात साठवरून ऐंशीवर गेल्याने वेळ वाचतो अडतीस मिनिटं. त्यासाठी माझ्या हिशोबाने अडीच लिटरच्या आसपास डिझेल जादा जातं. भाजी लवकर पोहोचली तर भाव चांगला मिळतो, हे मला मान्य आहे, आणि तेव्हा ती अडतीस मिनिटं पैसे वसूल करतात. पण येताना रिकामी गाडी ऐंशीने पळवण्याचं कारण मला सापडलेलं नाही. पेट्रोलियम बचतीसाठी काम करणारी सरकारी संस्था पीसीआरए तर ४५ ते ५५ चा वेग सुचवते.

ताडपत्री घट्ट बांधा. हौद्यात माल कमी असेल तर तो केबिनच्या उंचीखाली राहील असा रचा. रिकाम्या फेरीत वरचा लोखंडी सांगाडा काढता येत असेल तर काढा. याला पैसे लागत नाहीत.

वजनाचं गणित थोडं वेगळं आहे. बरेच जण जुन्या गाडीला जाड पत्र्याची बॉडी आणि दणकट फाळका बसवून घेतात, दीडशे किलो सहज वाढतात. वर्षाला तीस हजार किलोमीटर धरले तर नुसत्या टायरखाली त्या दीडशे किलोंचा खर्च पस्तीस-चाळीस लिटर येतो. घाट आणि गावागावातले गतिरोधक वेगळेच. तीन टनांची भरलेली गाडी पाचशे मीटर उंच चढवायला एक लिटरहून थोडं जास्त डिझेल फक्त उंचीसाठी लागतं, रस्ता कितीही गुळगुळीत असो. पाटे, म्हणजे एक्सलवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, वाढवून घेऊन जास्त माल भरणं हा वेगळाच विषय आहे. तो अपग्रेड नव्हे. पाटे वाढले म्हणून ब्रेक आणि एक्सल वाढत नाहीत. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे ओव्हरलोडला वीस हजार दंड, वर दर जादा टनामागे दोन हजार.

आणि उभी गाडी. अडीच लिटरचं इंजिन नुसतं चालू ठेवलं तर तासाला अर्धा ते पाऊण लिटर डिझेल पितं. बाजाराच्या रांगेत, वजनकाट्यावर, चहाला, असं रोज दोन तास चालू राहिलं तर तीनशे दिवसांत तीनशे लिटरच्या वर जातं. नव्वद रुपये लिटर धरले तरी सत्तावीस हजार. टर्बोसाठी चालू ठेवावी लागते असं सांगतात. घाट चढून आल्यावर मिनिटभर चालू ठेवणं टर्बोसाठी योग्य आहे, अर्धा तास नाही.

"घाटात न्यूट्रल मारलं की डिझेल वाचतं"

वाचत नाही. गिअरमध्ये असताना उतारावर पाय काढला की चाकंच इंजिन फिरवतात, आणि डिझेलची फवारणी बंद होते. सेन्सरवाल्या गाडीत हे काम ईसीयू करतो, म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक. जुन्या पंपाच्या गाडीत पंपाचा गव्हर्नर करतो. न्यूट्रल मारलं की इंजिनाला स्वतःच्या बळावर चालू राहावं लागतं, म्हणजे डिझेल उलट लागतं. इंजिन बंद करून उतरलात तर डिझेल लागत नाही हे खरं, पण ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत दोन-तीन वेळा दाबल्यावर संपते आणि पॉवर स्टिअरिंग दगड होतं. भरलेल्या गाडीने माळशेज किंवा खंबाटकी तसा उतरणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम विज्ञानालाही धरून आहे.

"चिप बसवली की ओढ वाढते, मग का नको?"

ओढ वाढते हे खोटं नाही. सेन्सरवाल्या गाडीत कधी किती डिझेल सोडायचं याचं कोष्टक ईसीयूत साठवलेलं असतं. ते बदलणं म्हणजे रिमॅपिंग. बाहेरून बसवायचा डबा त्याहून साधा असतो: तो दाब मोजणाऱ्या सेन्सरला खोटा आकडा सांगतो, म्हणजे ईसीयू जास्त दाबाने डिझेल सोडतो.

कंपनीने कोष्टकात थोडी जागा राखून ठेवलेली असते. ती राखीव जागा उन्हाळ्यातल्या चढासाठी, भेसळीच्या डिझेलसाठी, थकलेल्या क्लचसाठी असते. नव्या इंजिनात ती वापरली तर एक वेळ चालेल. दोन-तीन लाख किलोमीटर झालेल्या इंजिनात ती जागा झिजेने आधीच खाल्लेली असते. जास्त डिझेल म्हणजे जास्त उष्णता, आणि ती पिस्टन, टर्बो, हेड गॅस्केट, क्लच यांनी सोसायची. ॲव्हरेज वाढल्याचं जे सांगतात ते वरच्या गिअरमध्ये लवकर जाता आलं तरच, आणि माल भरून चढ चढणाऱ्या गाडीत तो फायदा उरत नाही.

याच दुकानात ईजीआर बंद करून देण्याचीही सोय असते. ईजीआर म्हणजे जळालेल्या वायूचा थोडा भाग पुन्हा इंजिनात सोडणारी झडप. त्यामुळे आतलं तापमान कमी राहतं आणि नायट्रोजनचे विषारी वायू कमी तयार होतात. तिच्यात काजळी साचते, मग गाडी अडखळते, आणि झडपच नको असं वाटतं. काढून साफ केली की तीच झडप पुन्हा काम करते. बंद केली तर दमेकरी मुलांच्या छातीत जाणारा वायू वाढतो. बाजाराच्या रांगेत आपलीच पोरं हौद्यावर बसलेली असतात, हे मी तरी विसरू शकत नाही.

कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ नुसार मालकाला प्रत्येक बेकायदा बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनी हाच मुद्दा पुढे करते. मूळ मापाचे टायर, नवे नोझल, फिल्टर, पाइप यांना कुणाचीही परवानगी लागत नाही. सीएनजीवर जायचं असेल तर मान्यताप्राप्त किट किंवा इंजिन, मान्यताप्राप्त केंद्र आणि आरसी बुकावर नोंद, या तिन्ही गोष्टी हव्यात. जुन्या डिझेल गाडीत तो बदल खर्चिक पडतो, आणि हौद्यातली जागा व वजन सिलिंडरला द्यावं लागतं, हे आधी मोजा.

"शेजाऱ्याने मॅग्नेट लावलं, त्याची गाडी दोनने वाढली"

शेजारी खोटं बोलत नाही. पैसे घालून काही बसवलं की माणूस पुढचे आठ दिवस जपून चालवतो आणि ॲव्हरेज बघत राहतो. वाढ पायामुळे होते, श्रेय मॅग्नेटला मिळतं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभराहून जास्त उपकरणं तपासली. त्यांत ॲव्हरेज ठळकपणे वाढवणारं एकही निघालं नाही. डिझेल लोहचुंबकाला दाद देत नाही. टाकीत टाकायच्या गोळ्यांनी ऊर्जा वाढत असती तर तेल कंपन्यांनी ती पंपावरच मिसळून विकली असती.

मोजायचं कसं?

वहीत. टाकी फुल करा, मीटर लिहा. पुढच्या वेळी त्याच पंपावर, पहिल्यांदा पंपाच्या पाइपची नोझल आपोआप बंद पडली तिथेच थांबून पुन्हा फुल करा. मधले किलोमीटर भागिले भरलेले लिटर. एकदाच मोजून काही ठरवू नका. सलग तीन-चार टाक्यांची सरासरी घ्या आणि सोबत माल किती, घाट किती वेळा, हे दोन शब्दांत लिहा. मीटरवर शंका असेल तर महामार्गावरच्या किलोमीटरच्या दगडांशी पन्नास किलोमीटर ताडून बघा. एका वेळी एकच बदल करा. नोझल, टायर आणि फिल्टर एकाच दिवशी बदलले तर फायदा कशाचा ते कधीच कळणार नाही.

मामांच्या वहीत सुरुवातीच्या चार टाक्यांची सरासरी अकरा होती. पाइप, घासणारा मागचा डावा ब्रेक, नवा थर्मोस्टॅट, आणि टायर झिजल्यावर घेतलेले रेडियल, एवढं वर्षभरात टप्प्याटप्प्याने केलं. सरासरी साडेबारावर आली. वर्षाला तीस हजार किलोमीटर धरले तर अकराने २,७२७ लिटर लागतात, साडेबाराने २,४००. फरक ३२७ लिटर, म्हणजे नव्वदच्या भावाने २९ हजार रुपयांहून जास्त. तीस टक्क्यांची जाहिरात करणाऱ्यांसमोर आमचे बारा टक्के फिके दिसतात. पण ते वहीत आहेत.

एवढं करण्यापेक्षा नवी का नको?

काही गाड्यांसाठी नवीच बरी. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरमध्ये पडलेलं, चासी (गाडीचा खालचा सांगाडा) गंजलेली, आणि पंपासकट नोझल बदलायचे असतील, तर तो खर्च गाडीच्या किमतीच्या जवळ जातो. तेव्हा हात आखडता घ्या. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला फिटनेस दरवर्षी करावं लागतं, तोही खर्च धरा. गाडी नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात दिली तर मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नव्या मालवाहू गाडीच्या रस्ता करात १५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे. भंगारवाल्याला देण्याआधी ते विचारून घ्या.

पण चासी शाबूत आणि कॉम्प्रेशन चांगलं असेल, तर नव्या गाडीचा हप्ता आणि वाचणारं डिझेल शेजारी शेजारी मांडा. नवी पिकअप नऊ-दहा लाखांच्या घरात जाते. तिचं ॲव्हरेज तुमच्या दुरुस्त केलेल्या गाडीपेक्षा दोनने जास्त धरलं, तरी वाचणारे तीस हजार वर्षभराचे आहेत, आणि हप्ता तेवढं दोन महिन्यांत मागतो. गाडी रोज धावत असेल, बंद पडल्याने माल सडत असेल, तर हिशोब बदलतो. भाजीची एक चुकलेली फेरी वर्षाचं वाचलेलं डिझेल घेऊन जाते.

आमच्या गाडीचं यंदा कॉम्प्रेशन पुन्हा तपासलं. तीन सिलिंडर ठीक आहेत, चौथ्यात थोडं कमी भरलं. मामांनी वहीच्या शेवटच्या पानावर तारीख घालून तो आकडा लिहिला आहे, आणि हंगाम संपला की पुन्हा तपासायचं ठरलंय. तोवर पहाटे निघण्याआधी हवा मोजायचं काम माझ्या मावसभावाकडे आहे.